चर्चला मिठी

सप्टेंबरात झाडांखाली सफरचंदांचा सडा पडू लागला, की एका रविवारी दुपारी थॉर्नकोमचं सगळं गाव चर्चला मिठी मारायला जमे. एकमेकांचे हात धरून चर्चभोवती कडं करायचं, तोंड भिंतीकडे, कपाळ दगडाला टेकलेलं, डोळे मिटलेले. मग दारापाशी उभ्या असलेल्या पाद्र्याने उजव्या हाताने शेजाऱ्याचा हात दाबायचा, शेजाऱ्याने पुढच्याचा, आणि तो दाब अख्ख्या चर्चला वळसा घालून पाद्र्याच्या डाव्या हातात परत आला, की मिठी पुरी झाली. त्यानंतर आरडाओरडा करत समोरच्या हिरवळीवर पळत सुटायचं आणि प्लम घातलेले गोड पाव खायचे. हे कशासाठी करतात ते कोणालाच धड सांगता येत नसे, आणि पाव इतके चांगले असत की कोणी विचारतही नसे.

हेस्टर प्रिडम चालायला लागल्यापासून या कड्यात उभी राहत आली होती. तिच्या लहानपणी माणसं इतकी असत की कडं दुहेरी होई. मग शाळा बंद पडली, तरणीताठी माणसं शहरात गेली, त्यांची मुलं तिकडेच वाढली आणि हिरवळीकाठची निम्मी घरं फक्त सुट्टीपुरती उघडू लागली. अलीकडे तर मध्ये मफलर धरून, काठ्या धरून, एकदा डॉर्कस व्हेनच्या कुत्र्याचा पट्टा धरून मिठी कशीबशी पुरवून नेली होती. "आपण आता लांबीला वाढत नाही, नुसते रुंदीला वाढतो," असं पाव भाजणारी डॉर्कस म्हणे आणि आधी स्वतःच्याच कंबरेकडे बोट दाखवी.

यंदा मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. पाच गावांची चर्चं एकटीने सांभाळणाऱ्या तरुण पाद्रीणबाईंनी स्पष्ट सांगून टाकलं होतं की थॉर्नकोमच्या चर्चला कुलूप घालायचं वरच्या लोकांच्या मनात आहे. गाव अजून जिवंत आहे असं मला छातीठोकपणे म्हणता आलं पाहिजे, त्या म्हणाल्या. हाताला हात लागून मिठी पुरी झाली तर मी त्यांच्याशी भांडेन, पण मफलरच्या जोरावर काही भांडता यायचं नाही. हेस्टरचं लग्न याच चर्चमध्ये लागलं होतं, नवरा याच आवारात निजला होता, आणि मूल होणार नाही हे कळलं त्या दिवशी घरी न जाता ती याच बाकांवर येऊन रडली होती. घरातल्या मागच्या खोलीला हौसेने लावलेला पिवळा रंग तिने नंतर कधी बदलला नाही. त्या चर्चला कुलूप लागलं तर तिच्या आयुष्यालाच लागल्यासारखं होतं.

म्हणून तिने अमॉस टकेटला गाठलं. अमॉस चर्चच्या आवारातलं गवत कापायचा, आणि शाळेत असल्यापासून तिच्याशी भांडत आला होता. माणसं कमी पडणार ती उत्तरेच्या भिंतीला, हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि ती बाजू दारातून दिसत नाही हेही.

"तू फटीच्या पलीकडे उभा राहा, मी अलीकडे राहते. दाब माझ्यापर्यंत आला की मी खोकेन. खोकला ऐकलास की तू पुढच्याचा हात दाबायचा."

"म्हणजे देवाला फसवायचं."

"देवाला नाही रे. पाद्रीणबाईंना."

"मग चालेल," अमॉस म्हणाला. "पण खोकताना जरा जोर लाव. माझा एक कान गेलाय."

उत्तरेकडे ऊन कधी येत नसे आणि तिथे थडगीही नव्हती. हेस्टरची आजी सांगायची, फार पूर्वी एका हिवाळ्यात घसा धरणारा ताप आला आणि गावातली पोरं एकामागून एक गेली. इतक्यांना दगड कुठून आणायचे म्हणून त्यांना तिथे तसंच पुरलं. त्या वर्षी मिठी अपुरी पडली आणि लोक पाव न खाताच घरी गेले म्हणे. अमॉसचं म्हणणं इतकंच, की तिथलं गवत मला कधी कापावं लागत नाही, कोणी लोळून गेल्यासारखं ते बारा महिने दबलेलंच असतं. हरणं येत असतील, असं तो म्हणे.

रविवारी झकास ऊन पडलं होतं. कडं झालं, आणि हेस्टर नि अमॉस यांच्यामध्ये एखादी बैलगाडी आडवी मावेल इतकी फट उरली. हेस्टरने कपाळ दगडाला टेकलं, डोळे मिटले. डाव्या हातात दाब आला तशी तिने खोकायला श्वास घेतला, आणि त्याच क्षणी तिच्या मोकळ्या उजव्या हातात एक हात आला. लहानसा, गरम, जॅम खाल्ल्यासारखा चिकट. त्याने तिची दोन बोटं घट्ट धरली आणि घाई असल्यासारखी ओढली. तिला इतका आनंद झाला की खोकायचं राहूनच गेलं. तिने तो हात हलकेच दाबला.

कितीतरी वेळाने दारातून पाद्रीणबाईंचा हर्षाचा ओरडा आला आणि सगळं गाव गुडघेदुखी विसरून हिरवळीकडे पळालं.

त्या दुपारी थॉर्नकोममध्ये होता तसा आनंद हेस्टरने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. पाद्रीणबाईंचे तर पाय जमिनीवर ठरत नव्हते. उद्याच पत्र लिहिते, त्या म्हणाल्या. दाब परत यायला इतका वेळ लागला, मला वाटलं आता येतच नाही. केवढी माणसं गोळा केलीत तुम्ही, हेस्टर.

डॉर्कस न विचारता प्रत्येकाला दोन दोन पाव देत होती, आणि तेही एकाच हाताने. टेबलाशी अमॉस चहा पीत उभा होता.

"खोकलीस कधी?" त्याने विचारलं. "मला तर ऐकू नाही आलं."

"मी खोकलेच नाही."

अमॉसने चहाचा घोट घेतला. "मग बरोबर," तो म्हणाला. "मला दाबच मिळाला." त्याचा डावा हात खाली, अंगापासून जरासा दूर, बोटं अर्धवट मिटून लोंबत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं हसू होतं जे हेस्टरने शाळेनंतर पाहिलं नव्हतं.

उन्हं कलली तशी माणसं हिरवळ ओलांडून आपापल्या घरी निघाली. हेस्टर पाहत राहिली. सगळी हसत, बोलत चालली होती. प्रत्येकाचा एक हात तसाच खाली, जरा बाहेर धरलेला, आणि म्हातारपणीसुद्धा झपाझप चालणारी ती माणसं आज अगदी छोटी छोटी पावलं टाकत होती. मग तिच्या लक्षात आलं की आपणही तसंच चालतो आहोत.

घराशी आल्यावर तिने दार उघडलं, आणि खाली न बघता म्हणाली, "आधी पाय पूस."

इवलेसे पाय पुसून व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ ती उंबऱ्यावर थांबली. मग आत जाऊन तिने पिवळ्या खोलीची खिडकी उघडली.