जतन झालं

केसरबाईंचा फोन आला तेव्हा अपेक्षा क्रांती चौकातल्या ऑफिसात बसून एका बटनाला हिरवा रंग द्यावा की निळा, यावर दीड तास डोकं शिणवत होती. हसू नका, तिचं कामच ते. ॲप कसं दिसावं, कुठं काय दाबावं, माणूस कुठं अडेल, हे तिनं ठरवायचं आणि प्रणयनं त्याचा कोड लिहायचा.

"ताई, सिल्लोडहून केसर बोलते, करुणाची आई. वसतिगृहाची यादी लागली. पोरीचं नाव नाय त्यात."

"मार्क कमी पडले असतील, मावशी."

"बाहत्तर टक्के हायेत! शेजारच्या गावच्या पोरीला अठ्ठावन्नावर मिळालं. संस्थेत विचारलं तर म्हणतात, अर्जच आला नाय. अवो, फोन तर सवता म्हणला, जतन झालं. जतन केलेलं गहाळ कसं व्हईल?"

करुणाला डोळ्यांनी दिसत नाही. शहरात राहून बी.ए. करायचं तर अंध मुलींच्या त्या एका वसतिगृहाशिवाय तिला दुसरी सोय नव्हती. आणि तिथला अर्ज यंदापासून फक्त ॲपवर. ते ॲप अपेक्षानं आणि प्रणयनं बनवलेलं.

"बघते मावशी," एवढंच बोलून तिनं फोन ठेवला.

प्रणयनं दोन मिनिटांत शोधून काढलं. "अर्ज आहे की! पूर्ण भरलेला आहे. पण नुसता जतन करून ठेवलाय, पाठवलाच नाही. शेवटी बाण दाबायचा असतो ना, तो दाबलेला नाही."

"असे अजून किती आहेत?"

"तेवीस." त्यानं खुर्ची मागं सारली. "लोक वाचतच नाहीत गं. आपली चूक नाही यात. चहा घेणार?"

चूक कुणाची होती ते अपेक्षाला पक्कं ठाऊक होतं. तिनं चहाला मानेनंच नकार दिला.

फेब्रुवारीतली गोष्ट. ॲप लोकांच्या हातात देण्याआधी सहा मुलींकडून वापरून बघायचं ठरलं होतं. पाचजणींना थोडंफार दिसायचं; सहावी करुणा, तिला अजिबात नाही. केसरबाई तिला एसटीनं घेऊन आल्या, येताना पिशवीभर मक्याची कणसंही घेऊन आल्या. अशा चाचणीचा नियम एकच, पण मोठा कडक. समोरचं माणूस अडलं तरी आपण गप्प बसायचं आणि कुठं अडलं ते लिहायचं. आता हे शहाणपण कागदावर ठीक आहे हो! देवगाव रंगारीत वाढलेल्या अपेक्षाला ते जमावं कसं? आपल्याकडं पत्ता विचारला तर माणूस दारापर्यंत सोडायला येतो.

करुणाचं बोट काचेवरून सरसर फिरत होतं. फोनमधली वाचून दाखवणारी बाई एकेक रकाना वाचत होती आणि करुणा भरत होती. शेवटी बाई म्हणाली, "जतन करा, बटन." करुणानं ते दाबलं. "जतन झालं," बाई म्हणाली. करुणानं फोन मांडीवर ठेवला आणि हसली. "झालं, ताई!"

झालं कुठं होतं? खालच्या कोपऱ्यात पाठवायचा बाण होता. गोल, मोठा डौलदार, अपेक्षाच्या विशेष आवडीचा. पण त्याला बाईनं वाचावं असं नावच दिलेलं नव्हतं, त्यामुळं बाई त्याच्यावरून मुकाट निघून जायची. अपेक्षानं क्षणभर वाट पाहिली आणि मग न राहवून करुणाचं बोट धरलं, अलगद त्या बाणावर नेऊन टेकवलं. अर्ज गेला.

"दोन-दोन कशाला ठेवलेत, ताई?" करुणानं विचारलं. "जतन म्हणलं की माणसाला वाटतं, पोचलं."

"खरंय तुझं. बदलते मी. एकच बटन ठेवते, दाबलं की गेलं. शब्द देते तुला."

आणि मग काय झालं? काही नाही झालं. उद्घाटन चार दिवसांवर आलेलं, पत्रिका वाटून झालेल्या. बदल करायचा म्हणजे सगळं पुन्हा तपासायचं, तारीख पुढं ढकलायची. प्रणयनं विचारलं, "कुणी अडलं का?" अहवालात करुणाच्या नावापुढं लिहायचं होतं 'मदत लागली'. अपेक्षानं लिहिलं 'पूर्ण'. उद्घाटनाला तिनं माईकवर सांगितलं, सहापैकी सहा मुलींना जमलं! टाळ्या पडल्या. संस्थेचे सचिव आप्पासाहेब तर उठून उभे राहिले होते.

आता त्याच आप्पासाहेबांना तिनं फोन लावला.

"यादी लागलीय हो, ताई," ते म्हणाले. "दोन जागा मी अडीअडचणीला राखून ठेवतो दरवर्षी. शनिवारी विश्वस्तांची बैठक आहे. पण त्यांना सांगू काय? ॲप चुकलं म्हणू, तर तुमचाच अहवाल पुढं येतो. सहापैकी सहा! त्यावर सह्या झाल्यात सगळ्यांच्या. ते म्हणतील, मुलीचा हलगर्जीपणा."

"आणि मी लेखी दिलं तर?"

"काय द्याल?"

अपेक्षा "कळवते," म्हणाली. खोटा अहवाल लिहिणाऱ्या बाईला पुन्हा काम कोण देणार? हा हिशेब तिच्या मनात आला, तेही तेवीस पोरींच्या आधी आला, आणि तिला स्वतःचीच किळस आली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती सिल्लोडला गेली.

केसरबाईंनी पाणी दिलं, बसायला सतरंजी अंथरली. रागाचा एक शब्द नाही. त्यापेक्षा त्यांनी दारातूनच चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"करुणा," अपेक्षानं विचारलं, "तो खालचा बाण... तुला आठवला नाही का गं?"

"आठवला की! लई शोधला." करुणा सरळ बसली. "सगळीकडं बोट फिरवलं, बाई काही बोलंना. मग माझ्या ध्यानात आलं, ताईनं शब्द पाळला, एकच बटन ठेवलं. आईला म्हणलं सुद्धा, बघ, माझ्या सांगण्यावरून बदललं त्यांनी."

केसरबाई म्हणाल्या, "व्हय, गल्लीभर सांगितलं तिनं."

अपेक्षाला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. कालपासून तिनं स्वतःची थोडी तरी समजूत घातली होती, मुलगी विसरली असेल, घाई केली असेल. मुलगी काहीच विसरली नव्हती. तिनं फक्त विश्वास ठेवला होता.

"नाही बदललं गं," ती म्हणाली. "विसरले असंही नाही. मी बदललंच नाही. आणि त्या दिवशी तुझं बोट धरून मी बाणावर नेलं, तेही लपवलं. तुला आपलं आपण जमलं, असं लिहून दिलं."

केसरबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"म्हंजे पास झालं ते तुमचं बोट," करुणा हळू म्हणाली. "माझं नव्हतंच."

"हो."

"आई, माझा फोन दे. परत करू, ताई. पण ह्या टायमाला हात मागं ठेवा."

अपेक्षानं त्यावर चाचणीचा अर्ज उघडून दिला. करुणानं शांतपणे सगळे रकाने भरले. "जतन झालं," बाई म्हणाली. मग करुणाचं बोट खाली गेलं, बाजूला गेलं, वर आलं. त्या बाणाला दोनदा घासून गेलं. बाई गप्प. अपेक्षाचा हात आपसूक पुढं आला. तिनं तो ओढून मांडीखाली दाबला आणि पाच मिनिटं तशीच बसली. एवढी लांबलचक पाच मिनिटं तिनं उभ्या जन्मात काढली नव्हती.

"बास," करुणा म्हणाली. "आता लिहा."

अपेक्षानं स्वतःचा फोन काढला आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचू लागली. "करुणाला अर्ज पाठवायला जमलं नाही..."

"ओ ताई, थांबा!" करुणाचा आवाज पहिल्यांदाच चढला. "मला नाय जमलं असं कशापायी? मी सगळं नीट भरलंय. तुमच्या ॲपला नाय जमलं, असं लिहा."

अपेक्षानं ते खोडलं आणि तसंच लिहिलं. त्याखाली फेब्रुवारीतलं बोट लिहिलं, दिलेला शब्द लिहिला, तेवीस अर्जांचं लिहिलं. कुठंही 'अनवधानानं' घातलं नाही. शेवटी आपलं पूर्ण नाव घातलं आणि आप्पासाहेबांना पाठवून दिलं.

"झालं," ती म्हणाली.

करुणानं मान तिच्याकडं वळवली.

"गेलं का, ताई? का नुसतं जतन झालं?"

अपेक्षानं फोन पुन्हा उघडून बघितलं, आणि मगच उत्तर दिलं. "गेलं."