दोरीमागची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे आणि माझे डोके फिरलेले आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू सहसा गरीब बिचाऱ्या असतात. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका.

मला घडवताना सुताराचा अंदाज चुकला आणि माझा एक पाय नखभर आखूड राहिला. त्यामुळे बसणाऱ्याला मी डुलवते. धर्मगुरू घडवणाऱ्या एका शाळेने मला तशीच ठेवून घेतले आणि एका वर्गात नेऊन टाकले.

त्या वर्गात एक फादर नीतिशास्त्र शिकवायचे. माणसाचे काय चुकले, काय नाही आणि ते ठरवायचे कसे, हा त्यांचा विषय. मुले पाठीमागे त्यांना थांबाफादर म्हणत, कारण कुणी घाईने निकाल दिला की त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघे तो 'थांबा'. त्यांची एक पद्धत होती. वर्गात कुणाची तरी अडचण मांडली जायची, पण तिच्यावर उभ्याने मत द्यायचे नाही. माझ्यावर येऊन बसायचे, अडचणीतला तो माणूस व्हायचे आणि 'मी' म्हणून बोलायचे. मी डुलत असल्यामुळे तिथे कुणाला ऐटीत बसता येत नसे. सुताराने पायाखाली पाचर मारायची तयारी दाखवली, तेव्हा फादरांनी त्याला चहा पाजून परत पाठवले.

वर्गात पोपट नावाचा एक विद्यार्थी होता. म्हणजे नाव वेगळे, पण पाठांतर असे पक्के की सगळे त्याला पोपटच म्हणत. एकदा प्रश्न आला, नवरा मारतो म्हणून घर सोडलेल्या बाईने काय करावे? पोपट ताडकन उभा राहून म्हणाला, परत जावे, लग्न मोडता येत नाही. फादरांनी त्याला माझ्यावर बसवले. तो घसा खाकरून 'मी' म्हणाला आणि तिथेच अडला. मी डुलत होते, त्याचे हात माझ्या दांड्यांवर घट्ट होत होते. बऱ्याच वेळाने तो हळूच म्हणाला, "मी परत जाणार नाही." त्याचे डोळे भरून आले होते. त्या दिवशी मला त्याचा अभिमान वाटला, हे आज सांगताना मला माझाच संताप येतो.

फादरांनी पुढे पुस्तक लिहिले. लग्नाची गाठ तुटत नाही, पण गाठीत गळा अडकला असेल तर तिथे राहायचे बंधन कुणावर नाही, असे त्यात होते. वरपर्यंत तक्रारी गेल्या, हा माणूस देवाचा नियम ढिला करतो म्हणून. चौकशीला आलेल्या मोठ्या धर्मगुरूंना फादर एवढेच म्हणाले, "ढिला नाही करत. तो कुणाच्या अंगावर पडतोय, ते बघतो." चौकशी तिथेच मिटली आणि पुस्तक गावोगावी शिकवले जाऊ लागले.

मग फादर वारले. पोपट शाळेचा प्रमुख झाला. त्याने मला आपल्या खोलीत आणले, पॉलिश केले, आखूड पायाखाली पाचर मारली आणि पुढे लाल दोरी बांधली. पाहुणे हात जोडून उभे राहतात, फोटो काढतात. बसत कुणीच नाही. खुर्चीची याहून मोठी थट्टा कोणती?

गेल्या महिन्यात शाळेच्या स्वयंपाकघरातली बाई या खोलीत आली. नवऱ्याने मनगट मोडले, तेव्हापासून ती लेकीला घेऊन शाळेच्याच कोठीच्या खोलीत राहत होती. नवरा फाटकावर येऊन तमाशा करून गेला होता. प्रमुखाने उभ्यानेच फादरांचे पुस्तक उघडले आणि लग्नाची गाठ तुटत नाही, एवढे वाचून मिटले. अर्धे वाक्य! नवऱ्याबरोबर घरी जा, नाहीतर खोली सोडा, असे त्याने तिला सांगितले.

बाईच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तिने आधार शोधला, दोरी बाजूला सारली आणि माझ्यावर बसली. तिच्या भाराने पाचर सरकली. किती वर्षांनी मी डुलले!

"तिथे बसायचं नाही. उठा," प्रमुख म्हणाला.

"उठते," ती म्हणाली. "पण मी परत जाणार नाही."

त्याने ते ऐकले. त्याला आठवले, हे मी त्याच्या तोंडावर वाचले. आता हा दोरी सोडेल, स्टूल ओढून समोर बसेल, असे मला वाटले. तो म्हणाला, "मग खोली रिकामी करा."

बाई लेकीला घेऊन थोरल्या बहिणीकडे गेली. तिची ट्रंक फाटकावरच्या रखवालदाराने पोचवली. नवऱ्याकडे ती गेली नाही, हेही त्यानेच इथे येऊन सांगितले. ते ऐकून प्रमुखाने दोरी सरळ केली आणि पाचर पुन्हा आत ठोकली.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा. मी सांगते, मला जपू नका. ही दोरी सोडा, ती पाचर उपटून फेका. आणि कुणाला परत जा म्हणायचे असेल, तर आधी माझ्यावर येऊन बसा.