विहिरीवरचा वेगळा पेला

"पुन्हा परत! पाचव्यांदा!" कल्पिताने कपाळावर हात मारला.

मालाडच्या त्या चौथ्या मजल्यावर सकाळपासून हेच चाललं होतं. कल्पिता घरबसल्या लग्नपत्रिका, लेबलं, चित्रं करून देई. या वेळचं काम मात्र वेगळं होतं. चर्चमध्ये दर रविवारी मुलांचा वर्ग घेणाऱ्या मृणालिनीबाईंनी बायबलमधल्या गोष्टींवर पत्त्यांचा खेळ रचला होता. प्रत्येक पत्त्यावर एक व्यक्ती आणि खाली तिची करामत. आता एकच पत्ता उरला होता, विहिरीवरच्या शोमरोनी बाईचा. तो आज संध्याकाळी छपाईला गेला नाही, तर रविवारी मुलांच्या हाती खेळ येणार नव्हता.

"चित्र देखणं आहे गं," मृणालिनीबाई फोनवर म्हणाल्या, "पण त्यात गोष्टच नाही. आणि खाली तू लिहिलेलं 'ताकद दोन' म्हणजे काय? पत्ता टाकला की होतं काय? पोरं तेच विचारणार."

"अहो बाई, दमलेल्या येशूने एका बाईकडे पाणी मागितलं. त्यात होण्यासारखं आहे काय?"

"पुन्हा एकदा वाच ना."

वाच म्हणे! आधीच गुरुवारचा कडक उपास, त्यात हा वैताग! ती वाचायला बसणार, तोच बेल वाजली.

दारात मढच्या कोळीवाड्यातली कमळमावशी. मासळीची पाटी बाहेर टेकवून ती धापा टाकत होती. "लिफ्ट मेली आज पन बंद. पानी दे गो पोरी."

कल्पिताने खिडकीच्या कठड्यावरचा पालथा ग्लास आणला आणि वरून पाणी ओतलं. तो ग्लास मावशीचाच. सासूबाईंच्या काळापासून तिथेच असायचा.

पाणी पिता पिता मावशीची नजर कॉम्प्युटरवर गेली. "ही बाय भर दुपारची एकटीच विहिरीवर?"

"लोक टाळायचे तिला. तिच्या लोकांच्या भांड्यातलं पाणी बाकीचे पीत नसत. येशूने तिच्याकडेच मागितलं."

"मोठा मानूस!" मावशी आत येऊन कॉम्प्युटरच्या पडद्याजवळ सरकली. "मग त्याच्या हातात हा चांदीचा पेला कुठला?"

"म्हणजे?"

"भांडं होतं तर तिच्याकडं मागितलं कशाला? तिच्याच कळशीतलं पानी प्याला असंल ना! तू बरी त्याला वेगळा पेला दिलास." मावशीने हातातला ग्लास हलवला आणि खुदकन हसली. "सवय गो, सवय!"

कल्पिताचा चेहरा उतरला. कुणी सांगितलं नसताना तो पेला तिच्याच हाताने काढला होता!

"मावशी, तसं नाही... आज माझा गुरुवार, म्हणून..."

"माझा पन गुरुवारच हाय. मासळी विकते, आज खात नाय. दत्तानं कधी माझा हात हुंगला नाय गो."

आणि आपण? वर्षानुवर्षं पोथी वाचली, आरती केली, आणि खिडकीतला तो ग्लास कधी दिसलाच नाही! कल्पिताने तो ग्लास घेऊन घासला आणि मांडणीत बाकीच्या ग्लासांत ठेवला.

"मावशी, आत या. माठातलं पाणी मला द्या."

"मी? सैपाकघरात?" मावशी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीच थबकली.

"मला तहान लागली आहे."

मावशीने हात पदराला पुसले आणि जपून पाऊल आत टाकलं. माठातून गडू भरला. कल्पिता तो तोंडाला लावून गटागट प्यायली. मावशी डोळे पुसत म्हणाली, "हळू पी गो, ठसका लागंल!"

संध्याकाळी पत्ता गेला. पेला नाहीसा झाला होता. कळशी बाईच्या हातात आणि तिच्यापुढे येशूची रिकामी ओंजळ. खाली करामत लिहिली होती : 'ज्या खेळाडूला तुम्ही टाळत आलात, त्याच्याकडे एक पत्ता मागा. तो देईल, त्यानंतर तुम्ही दोघे एका बाजूचे.'

मृणालिनीबाईंचं उत्तर लगेच आलं, "आता गोष्ट आली!"

मैत्रिणींनो, उपास आपल्या जिभेचा असतो, तो दुसऱ्याच्या तहानेवर लादायचा नसतो. तुमच्याही खिडकीत असा एखादा पालथा ग्लास असेल, तर आजच तो मांडणीत ठेवा. व्रत मोडणार नाही. उलट, तिथूनच ते सुरू होईल.