हरल्यावरचा फोन

धाकट्या जावेला फर्ममध्ये चिकटवलं ते थोरलीनंच, आणि आता रोज सकाळी स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटे तिला.

फर्म वकिलांची, पण या दोघी काही वकील नव्हेत. कंपन्यांना गाठायचं, आपले वकील कसे चांगले ते पटवायचं आणि काम फर्मकडे ओढून आणायचं, ही यांची नोकरी. थोरलीनं त्यात केस पिकवले होते. कुठला वकील फोटोत मागे उभा केला की रुसतो, इथपर्यंत सगळं तिला पाठ. धाकटीला शिकवलं तेही तिनंच. घ्या, गुरूची विद्या गुरूला!

धाकटीला एक खोड होती. एखादी कंपनी दुसऱ्या फर्मकडे गेली की ही बया त्यांनाच फोन लावी. "आम्ही कुठं कमी पडलो, सांगाल का?" थोरलीला ऐकूनच मेल्याहून मेल्यासारखं होई. अगं, नकार मिळाला की गप्प बसावं! पण एका बांधकाम कंपनीनं फोनवर खरं सांगून टाकलं: "तुमचे मोठे वकील तासभर स्वतःबद्दलच बोलले. आमचं काम करणार कोण, तो माणूस काही दिसला नाही." पुढच्या खेपेला धाकटीनं मोठ्या वकिलांना गोड बोलून मागे ठेवलं आणि प्रत्यक्ष काम करणारी तरुण वकीलबाई नेली. काम मिळालं. मग काय, फर्ममध्ये धाकटी, घरी सासूबाईंच्या तोंडी धाकटी. थोरलीच्या अंगाचा नुसता तिळपापड.

तेवढ्यात विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली. या एका खुर्चीसाठी थोरली इतकी वर्षं वकिलांचे नखरे झेलत आली होती. फर्मच्या मोठ्या साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"माझ्या मनात तुमच्या जावेचं नाव आहे. तुम्ही घरच्या, म्हणून विचारतो. झेपेल तिला?"

झेपेल. अगदी सहज झेपेल. हे थोरलीला साहेबांपेक्षा जास्त ठाऊक होतं, म्हणून तर तिचा जळफळाट होत होता.

"हुशार आहे हो," ती म्हणाली, "पण पोरं लहान आहेत. सारखी आजारी पडतात. प्रवास, उशिराच्या बैठका... फार ओढाताण होते बिचारीची."

पोरं ठणठणीत होती. सासूबाई त्यांना तळहातावरच्या फोडासारखं जपत होत्या.

खुर्ची थोरलीला मिळाली. धाकटीनं सगळ्यांसमोर तिला मिठी मारली. "ताई, हक्क तुमचाच होता!" थोरलीला किती दिवसांनी शांत झोप लागली.

आणि मग एका दुपारी धाकटी साहेबांच्या केबिनमधून बाहेर येताना दिसली. हरली होती ना ती! मग विचारायला जाणारच. जगाला विचारते, ती साहेबांना सोडेल होय? एवढी साधी गोष्ट आपल्या डोक्यात कशी आली नाही?

संध्याकाळी थोरली स्वयंपाकघरात उत्तरं जुळवत बसली. रडली तर काय म्हणायचं, ओरडली तर काय म्हणायचं. धाकटी आली, चहा केला आणि कप तिच्यापुढे ठेवला.

"मॅडम, उद्याच्या बैठकीला किती वाजता निघायचं?"

"इश्श, घरात कसली मॅडम?" थोरली कसनुसं हसली. "ताई म्हण की."

"ताई घरच्या माणसाला म्हणतात," धाकटी म्हणाली. आवाज चढला नाही की डोळ्यांत पाणी नाही. मुलांना जेवायला हाक मारत ती बाहेर गेली.

थोरलीनं जुळवलेलं एकही उत्तर कामी आलं नाही. मेलीला भांडणसुद्धा आपल्यापेक्षा चांगलं जमतं, असं तिच्या मनात आलं, आणि ती पुन्हा जळली.