पंधरा मिनिटं पुढे

मी शिंप्याच्या दुकानातलं जुनं घड्याळ आहे. मित्रांनो, जुनं म्हणालो, मोडकं नाही. लाकडी पेटी, पितळी लंबक आणि आठवड्यातून एकदा किल्ली, एवढ्यावर मी या घरच्या तीन पिढ्या पाहिल्या. ज्या कारागिराने मला घडवलं, त्याने विकण्याआधी महिनाभर भिंतीवर टांगून तपासलं होतं. मी अर्धं मिनिटही चुकलो नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे माझं नाव विनाकारण बदनाम झालं.

वडिलांमागे दुकान आताच्या शिंप्याच्या, म्हणजे आमच्या मास्तरांच्या हाती आलं आणि त्यांनी मला पंधरा मिनिटं पुढे लावलं. म्हणे, कामं वेळेवर होतील! झालं भलतंच. गल्लीत मी 'चुकीचं घड्याळ' ठरलो. मास्तर माझ्याकडे बघायचे, मनातल्या मनात पंधरा वजा करायचे आणि निवांत चहा मागवायचे. गिऱ्हाईक आलं की उत्तर ठरलेलं, "उद्या या." गल्लीत त्यांना 'उद्यामास्तर' म्हणत. शिलाई मात्र अशी सुबक, की लोक नावं ठेवत ठेवत परत त्यांच्याकडेच यायचे.

त्याच दुकानात मास्तरांची लेक वाढली. तिने कधी वजाबाकी केली नाही. मी नऊ म्हटलं की तिचे नऊ. शाळेत ती पंधरा मिनिटं आधी पोहोचायची आणि तेवढ्यात कालचा धडा वाचून काढायची. घड्याळ एकच, पण वेळ हातात आहे म्हणून बाप बसून राहायचा आणि वेळ हातात आहे म्हणून लेक कामाला लागायची. मला त्या पोरीचा फार अभिमान. थोडं श्रेय मीही घेतो, का घेऊ नये?

तिला दूरच्या शहरात नर्सिंगला प्रवेश मिळाला. सोमवारी सकाळी पांढरा कोट घालूनच हजर व्हायचं होतं आणि तिकडे जाणारी गाडी एकच, रविवारी अकराची. ती चुकली तर जागा गेली. कोट विकत आणायचं निघालं, तर मास्तर म्हणाले, "शिंप्याची मुलगी विकतचा कोट घालणार? मी शिवतो." मग आठवडाभर कापड कपाटात पडून राहिलं. कात्री लागली ती थेट शनिवारी.

त्याच शनिवारी घड्याळदुरुस्तीवाले काका मला तेल द्यायला आले. त्यांनी माझे काटे बरोबर लावले आणि मास्तरांना तसं सांगितलंही. मास्तरांच्या तोंडात टाचण्या होत्या. ते नुसतं "हं" म्हणाले. कोटाच्या बटणांची काजं करत बसलेल्या लेकीने मात्र नीट ऐकलं.

रविवारी साडेदहाला लेक बॅग घेऊन उभी राहिली. मास्तर अजून मशीनवरच होते. कोटाची एक बाही पक्की झाली होती, दुसरी नुसत्या धावदोऱ्यावर होती.

"बाबा, निघते."

"बस गं. अजून पंधरा मिनिटं आहेत."

"नाहीत, बाबा. काल काकांनी घड्याळ बरोबर लावलं. तुमच्यासमोरच सांगितलं."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत विश्वासाने पाहिलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. त्यांचा चेहरा पार उतरला. लेकीने कोट घेतला, सुई आणि दोऱ्याचं रीळ उचललं. "दुसरी बाही मी गाडीत शिवते. तुमचीच मुलगी आहे ना?" असं म्हणून ती निघाली.

मास्तरांनी मशीनवर पडलेले दोरे झटकले. "तिची बाही तिलाच शिवावी लागली," एवढं म्हणाले आणि त्यांना रडू कोसळलं. दुपारी तिचा फोन आला. गाडी मिळाली होती, बाहीही झाली होती.

सोमवारी एका गिऱ्हाइकाने विचारलं, "कधी येऊ?" मास्तरांच्या तोंडून 'उ' निघालाच होता. तो गिळून ते म्हणाले, "गुरुवारी, चार वाजता." गुरुवारी पावणेचारला शर्ट इस्त्री होऊन घडी घातलेला होता. आता गल्लीला मास्तरांसाठी नवं नाव शोधावं लागलंय.

मित्रांनो, घरातल्या घड्याळावरची धूळ पुसा, किल्ली द्यायला विसरू नका. पण त्याचे काटे पुढे सरकवून स्वतःला फसवू नका. वेळ दाखवणं आमचं काम, ती पाळायची सवय ज्याची त्यालाच लावावी लागते.

परवा लेक सुट्टीवर आली. गाडी संध्याकाळी सहाची होती आणि मास्तरांनी पाचलाच दुकानाला कुलूप लावलं. सहा वाजले तेव्हा माझे ठोके ऐकायला दुकानात कोणीच नव्हतं. पण मास्तर तेव्हा स्टेशनवर उभे असणार, हे मला ठाऊक होतं. इतक्या ऐटीत मी आयुष्यात कधी सहा वाजवले नव्हते.