खुंटाची खूण

"केबल सोड, दोत्से. अजून दोन वाव."

"सोडतोय, मास्तर. तुझं हे नळाचं लेकरू बुडालं, तर त्याला शोधायला कोण जाणार?"

होडीत कुणी हसलं नाही. दोत्सेचा भाऊ क्वासिवी तीन दिवसांपूर्वी इथेच बुडाला होता. यामच्या कंदांनी भरलेली त्याची होडी पाण्याखालच्या खुंटावर आदळून उलटली. प्रेत मिळाल्याशिवाय विधी सुरू करता येत नव्हते, म्हणून आक्पेने नावाची त्याची बायको स्वतः वल्हं घेऊन आली होती.

दोत्से चिडवून मास्तर म्हणायचा, तरी एत्से मास्तर नव्हता. शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होता. पाण्याखाली फिरणाऱ्या यंत्राचा आराखडा परदेशात कुणीतरी साऱ्या जगाला फुकट वाटला होता. अट एकच होती, जे बदलाल ते सगळ्यांना सांगा. नळाचे पाइप, होडीतलं पाणी उपसायच्या मोटारी आणि एक जुना कॅमेरा जोडून एत्सेने चार महिने खपून तसं यंत्र बनवलं. पण पाण्यात सोडलं की ते दगडासारखं तळाशी जायचं. मग एके दिवशी त्याने यंत्राच्या पाठीवर दोन तरंगते बोये बांधले आणि ते हवं तिथे थांबू लागलं. हा बदल त्याने कुणालाच कळवला नव्हता. पिवळ्या बोयांना निळा रंग का दिला, हे तर त्याने स्वतःलाही विचारलं नव्हतं.

व्होल्टा सरोवरात धरणाच्या पाण्याखाली बुडालेलं रान अजून उभं आहे. ज्याला खुंट सापडेल त्याने त्यावर बोया बांधायचा आणि ती खूण दुसऱ्या कुणी काढायची नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. एत्सेलाही होतं. पण कोरड्या दिवसांत पाणी उतरलं होतं, इथला खुंट हातभर वर आला होता. दिसणाऱ्या खुंटाला खूण कशाला? पाणी चढायच्या आत परत बांधू, असं म्हणत त्याने त्यावरच्या दोन्ही बोयांची दोरी कापली होती. पुढे यंत्र चालू लागलं आणि त्या आनंदात पाणी कधी चढलं, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

ऊन अडवायला लॅपटॉपवर कापड धरून तो वाकून पाहत होता. हिरव्या पाण्यातून खुंट पुढे आला. त्याच्या मानेला दोरीचं टोक लोंबत होतं.

एत्सेने यंत्र वळवलं.

"इथे काही नाही," तो म्हणाला.

"खालच्या फांद्यांत बघितलंस?" आक्पेनेने विचारलं.

"पाणी गढूळ आहे, वहिनी."

"सरक. मी बघते. त्याचा शर्ट मीच शिवलाय, मला ओळखू येईल."

ती शेजारी येऊन बसली. तिच्या श्वासाला तीन दिवसांच्या उपासाचा वास होता. एत्सेने यंत्र परत फिरवलं.

"थांब," दोत्से मागून म्हणाला. "ती दोरी तुटलेली नाही. कुणीतरी कापलीय."

"मीच कापली," एत्से म्हणाला. "बोये यंत्राला बांधले. ते निळे. ते इथलेच आहेत."

दोत्सेने त्याची कॉलर धरली. होडी कलंडू लागली. आक्पेनेची नजर मात्र पडद्यावरच होती. खुंटाच्या खाली, दोन फांद्यांच्या बेचक्यात, एक पट्ट्यापट्ट्यांची बाही हलत होती.

"सोड त्याला, दोत्से," ती म्हणाली. "आधी माझ्या माणसाला वर काढ."

दोत्सेने तीन बुड्या मारल्या. क्वासिवीला होडीत निजवलं, तेव्हा आक्पेनेने आपलं कापड सोडून त्याच्यावर घातलं. एत्सेकडे कुणी पाहिलं नाही. तो होडीच्या काठावरून पाय सोडून पाण्यात उतरला, पायाने चाचपत खुंट शोधला आणि त्यावर उभा राहिला. पाणी गुडघ्यापर्यंत आलं.

"तिथे काय करतोस?" आक्पेनेने विचारलं.

"आज बाजार आहे. पलीकडून होड्या येतील."

तिने वल्हं उचललं. चल, असं ती म्हणाली नाही. दोत्सेही म्हणाला नाही.

ऊन डोक्यावर आलं, तेव्हा पहिली होडी दिसली. तीत बायका आणि शेळ्या दाटीने बसल्या होत्या.

"अगं बघा, पाण्यावर चालणारा बाबा!" एकजण ओरडली आणि सगळ्या खिदळल्या.

एत्सेने दोन्ही हात वर केले.

"खुंट आहे, मावशी," तो म्हणाला. "उजवीकडून जा."