बॉयलरमागचं चाक

मंगळवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी चित्रपटाला पैसे देणाऱ्या साहेबांच्या दुरुस्त्यांचा कागद स्टुडिओत आला. एकूण नऊ दुरुस्त्या, खाली सही. सातवी अशी: ‘दृश्य ११४. डावीकडचं लोखंडी चाक काढावं. कारण: बॉयलरमागच्या व्हॉल्व्हसारखं दिसतं. लोक नको तो संबंध जोडतील.’

दृश्य ११४ मध्ये बॉयलर नव्हता. अख्ख्या चित्रपटात नव्हता. मुलांसाठीची ॲनिमेशनची गोष्ट ती, दूरच्या एका ग्रहावरची. तिथली नदी मेली आहे, आणि ती कुणी मारली हे शोधत एक यांत्रिक पाणमांजर उगमाकडे निघालं आहे. ११४ मध्ये ते कपारीत शिरतं, शेवाळ बाजूला सारतं आणि त्याला एक गंजलेलं चाक दिसतं. पाच आरे शाबूत, सहावा मुळापासून तुटलेला. पडद्यावर जेमतेम तीन सेकंद.

चाक शेवाळबाईंनी रंगवलं होतं. पात्रांच्या मागची चित्रं रंगवायचं काम त्यांचं. ओल्या दगडावरचं शेवाळ त्यांच्यासारखं कुणाला जमत नसे, म्हणून हे नाव. त्यांनी सातवी ओळ दोनदा वाचली, कागदाच्या दोन प्रती काढल्या आणि मूळ कागद दिग्दर्शकाच्या टेबलावर नेऊन ठेवला.

नऊ वर्षांपूर्वी साहेबांच्या रंगाच्या कारखान्याखालची नदी एका सकाळी जांभळी झाली. चार किलोमीटरपर्यंत मासे पोट वर करून तरंगत होते. कारखान्याने खापर फोडलं पंपचालकावर: त्याने हलगर्जीपणाने भलताच पंप सुरू ठेवला. पंपचालक सांगत राहिला की बॉयलरमागे एक चोरटा व्हॉल्व्ह आहे, तिथून घाण सरळ नदीत सोडतात. त्यावर साहेबांनी स्वतःच्या सहीने लिहून दिलं: ‘बॉयलरमागे कोणताही व्हॉल्व्ह नाही व कधीही नव्हता.’ पंपचालकाची नोकरी गेली. वस्तीने त्याचं नाव ‘मासेमार’ ठेवलं. दाढी करायला बसला तरी न्हावी विचारायचा, “काय मासेमार, आज काय लागलं गळाला?”

पंपचालक म्हणजे शेवाळबाईंचे वडील. लग्नानंतर आडनाव बदललेलं, त्यामुळे स्टुडिओत हे कुणाला ठाऊक नव्हतं.

नदीवरच्या चित्रपटाचा सगळा खर्च तोच कारखाना उचलणार, हे कळलं त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र डोकं थंड ठेवून कामाला बसल्या. नुसत्या चित्राने साहेबांचा केसही वाकडा होणार नाही, हे त्यांना कळत होतं. हवी होती ती सही. आणि स्टुडिओचा एक नियम त्यांना पाठ होता: कारण लिहून सही केल्याशिवाय एकही दुरुस्ती घ्यायची नाही. पूर्वी एका गिऱ्हाइकाने चंद्र पिवळ्याचा निळा, निळ्याचा पिवळा करायला लावून ‘मी कधी म्हटलं?’ असं विचारलं होतं, तेव्हापासूनचा हा नियम. साहेबांना तर प्रत्येक चौकटीत नाक खुपसायची सवय. पाणमांजराच्या मिशांवरच त्यांनी तीन पत्रं लिहिली होती. असा माणूस ते चाक पाहून गप्प बसणार नव्हता. चोराच्या मनात चांदणं.

बारा वाजता दिग्दर्शकाने त्यांना बोलावलं.

“बाई, ते चाक काढावं लागेल.”

“काढते. वीस मिनिटं द्या.”

दिग्दर्शकाने चष्मा कपाळावर चढवला. “एवढ्या सहज? एका दगडासाठी तुम्ही माझ्याशी दोन दिवस भांडला होतात.”

“दगड माझा होता. चाक त्यांचं आहे.”

“म्हणजे?”

“सातवी ओळ नीट वाचा. आपल्या ग्रहावर बॉयलर कुठाय, ते मला दाखवा.”

दिग्दर्शकाने वाचली. मग उठून दार लावून घेतलं. “बाई, हा चित्रपट बंद पडला तर चाळीस माणसं घरी बसतील. तुमच्यासकट.”

“माझ्या घरचा एक माणूस नऊ वर्षं घरी बसलाय.”

त्यांनी वीस मिनिटांत चाकावर शेवाळ चढवलं. पुसलं नाही, झाकलं. मग अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि पाण्याच्या प्रदूषणावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयात साहेबांच्या दोन्ही सह्या, वडिलांनी जपलेल्या जुन्या लेखी जबाबाच्या प्रतीवरची आणि आजच्या कागदाच्या प्रतीवरची, शेजारीशेजारी जोडून अर्ज दिला. पोच घेतली. शिक्का जरा फिकट उमटला, तर पुन्हा मारायला लावला.

चार वाजता त्या वडिलांच्या खोलीवर पोहोचल्या. वडील खिडकीशी बसून मटार सोलत होते. शेवाळबाईंनी सगळं सांगितलं, प्रत हातात दिली. वडिलांनी ती लांब धरून वाचली.

“हात दाखवून अवलक्षण!” ते हसले. नऊ वर्षांत त्या पहिल्यांदाच त्यांना असं हसताना पाहत होत्या. “चाकाला आरे किती काढलेस?”

“पाच. सहावा तुटका. तुम्हीच सांगितलं होतंत.”

“सांगितलं होतं खरं. तो तुटला कसा, ते नाही सांगितलं.” त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. “माझ्या हातून तुटला. त्या सकाळी बंद करायला गेलो, चाक अडकलं. पहार घालून जोर लावला, तर आराच निखळला. घाण वाहतच राहिली.”

“मग यात तुमचा काय दोष?”

“बंद करायला गेलो, म्हणजे उघडलाही मीच असणार ना? चार वर्षं मीच उघडायचो. दर शुक्रवारी. साहेब फोन करायचे, मी चाक फिरवायचो.”

नऊ वर्षं शेवाळबाईंना वाटत होतं की वडिलांना तो व्हॉल्व्ह नुसता सापडला होता.

“चौकशीत विचारतील, चाक फिरवायचं कोण,” त्या म्हणाल्या.

“विचारू देत. सांगेन. शुक्रवारसकट सांगेन.”

“बाबा, त्यांच्याबरोबर तुम्हीही अडकाल. हे आपलंच नाक कापून त्यांना अपशकुन करण्यातलं झालं. मी उद्या जाऊन अर्ज मागे घेते.”

“नाक त्यांनी नऊ वर्षांपूर्वीच नेलंय. आता अपशकुन तेवढा माझ्या हातात आहे, तोही तू काढून घेऊ नकोस.” वडिलांनी पुन्हा शेंग उचलली. “अर्ज राहू दे.”

अर्ज राहिला. बुधवारी दुपारी कारखान्याला तपासणीची नोटीस गेली. वडिलांनाही बोलावणं आलं: जागा दाखवण्यासाठी गुरुवारी दहा वाजता फाटकाशी हजर राहावं. गुरुवारी ते दाढी करून, जुनं ओळखपत्र खिशाला लावून निघाले. न्हाव्याने काही विचारलं नाही.

त्याच सकाळी साडेअकराला साहेबांचा ड्रायव्हर स्टुडिओत नवा कागद घेऊन आला. तारीख मंगळवारचीच, दुरुस्त्या त्याच नऊ. सातव्या ओळीतलं कारण तेवढं वेगळं होतं: ‘रंगसंगतीला शोभत नाही.’ आधीचा कागद नजरचुकीने पाठवला गेला, तो ड्रायव्हरकडे परत द्यावा, असा निरोप होता.

दिग्दर्शक शेवाळबाईंच्या टेबलाशी आला. अर्जाचं त्यांनी त्याला बुधवारीच सांगितलं होतं. दोन्ही कागद त्याच्या हातात होते.

“तुम्ही अर्जाला जोडलीत ती प्रत. मूळ कागद माझ्याकडे आहे,” तो म्हणाला. “प्रत खोटी आहे, असं ते म्हणतील.”

“म्हणतीलच.”

“ड्रायव्हर खाली थांबलाय.”

“थांबू दे,” शेवाळबाई म्हणाल्या आणि ११५ व्या दृश्यातला दगड रंगवू लागल्या. दिग्दर्शक आपल्या खोलीत गेला आणि दार लावून बसला.

बारा वाजून दहा मिनिटांनी वडिलांचा फोन आला. ते कारखान्याच्या आतून बोलत होते. बॉयलरमागे व्हॉल्व्ह दिसत नाही, सरळ भिंत आहे. भिंतीवरचा गिलावा ओला आहे. अधिकाऱ्याने बोट लावून पाहिलं, बोटाला लागला. छिन्नी आणायला माणूस पाठवला आहे.

एक वाजता ड्रायव्हर अजून खालीच उभा होता. दिग्दर्शकाचं दार उघडलेलं नव्हतं. वडिलांचा पुन्हा फोन आलेला नव्हता.